विकार, विषाद आणि कौल : मराठी साहित्यातील संकल्पलोपाचा प्रश्न

१

मराठी कथात्म आणि नाट्यात्म साहित्यातील निष्क्रिय नायकाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. स्थूलमानाने पाहता या लेखनाच्या तीन भूमिका दिसतात. पहिली नैतिक : नायक दुबळा आहे, आळशी आहे, त्याचे मन धरसोडीचे आहे. दुसरी अस्तित्ववादी : जगाची व्यर्थता कळल्यामुळे त्याच्या दृष्टीने कोणतीही कृती अर्थपूर्ण राहिलेली नाही, सबब त्याची निष्क्रियता हे त्याच्या जाणिवेच्या प्रगल्भतेचे लक्षण होय. तिसरी सामाजिक : ज्या वर्गाचा तो प्रतिनिधी आहे त्या वर्गाची ऐतिहासिक भूमिका संपलेली आहे, आणि त्याचा निर्णयशून्यपणा हा त्या ऱ्हासाचा आविष्कार आहे. या तिन्ही भूमिकांनी काही ना काही दाखवून दिले हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे. निर्णय न घेणाऱ्या माणसाकडे त्या एकट्या माणसाच्या संदर्भात पाहिले जाते. त्याने न घेतलेल्या निर्णयाचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येतो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मध्यवर्ती मानून काही संहितांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम संज्ञांची थोडी झाडाझडती घेणे आवश्यक आहे, कारण ‘इच्छाशक्ती’, ‘संकल्प’, ‘निश्चय’, ‘निर्धार’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी इतके सहज वापरतो की त्यांतील भेद नाहीसा होतो आणि त्याबरोबर साहित्यकृतींतील भेदही नाहीसे होतात.

२

पाश्चात्त्य विचारपरंपरेत इच्छाशक्ती ही माणसाच्या अंतःकरणातील एक स्वतंत्र शक्ती मानण्याचा प्रघात दीर्घकाळ राहिला. आपल्याकडील सांख्य-वेदान्त परंपरेत तशी स्वतंत्र शक्ती मानलेली नाही. तेथे मन हे संकल्पविकल्पात्मक आहे आणि निश्चय करणे हे बुद्धीचे काम आहे. म्हणजे ‘संकल्प’ हा शब्द मुळातच ‘विकल्पा’च्या जोडीने येतो, संकल्प करणारे मन तेच विकल्पही करते. ‘इच्छाशक्ती’ हा शब्द शैव दर्शनात इच्छा, ज्ञान आणि क्रिया या त्रयीत येतो. पण तेथे ती शक्ती परमशिवाची आहे, कोणा एका व्यक्तीच्या मालकीची नाही. आधुनिक मराठीने हा शब्द उचलला आणि तो व्यक्तीच्या अंतर्यामी बसविला. ‘त्याच्यात इच्छाशक्ती नाही’ असे आपण आज सहज म्हणतो, तेव्हा एका मोठ्या वैचारिक स्थित्यंतराचे फलित उच्चारत असतो, याची आपल्याला जाणीवही नसते.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) व्यवसायात्मक बुद्धी आणि वासनात्मक बुद्धी असा भेद करून या जुन्या परिभाषेला आधुनिक नीतिशास्त्रासमोर उभे केले. कार्याकार्याचा निर्णय करणारी बुद्धी एक, आणि त्यानंतर अमुक हवे असे म्हणणारी दुसरी. हा भेद आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत उपयुक्त आहे. त्याच्या आधारे निष्क्रियतेचे निदान तीन प्रकार वेगळे करता येतात. पहिल्यात निर्णयच होत नाही, दोन्ही बाजू सारख्याच बलवान वाटतात. दुसऱ्यात निर्णय झालेला असतो, परंतु तो कृतीपर्यंत पोहोचत नाही. तिसऱ्यात हवेपणाच नाहीसा झालेला असतो. निर्णय करावा असे वाटण्याजोगे काही उरलेलेच नसते. पहिली द्विधावस्था, दुसरी अकृती आणि तिसरा खरा संकल्पलोप. मराठी समीक्षेने या तिन्ही अवस्थांना बहुधा एकच नाव दिले आहे, आणि तेही ज्या त्या दशकात प्रचलित असलेले.

३

१८८३ हे वर्ष या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो याचा संकल्पशक्तीच्या आजारांवरील ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धी शाबूत आहे, इच्छा शाबूत आहे, हातपाय शाबूत आहेत, आणि तरीही ‘मला करावयाचे आहे’ याचे ‘मी करतो’ यात रूपांतर होत नाही, अशा रुग्णांचे त्याने वर्णन केले. त्याच वर्षी गोपाळ गणेश आगरकर यांचे ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने पुढे आले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु रिबोच्या ग्रंथाचे नाव मराठीत आणावयाचे झाल्यास ‘संकल्पशक्तीचे विकार’ असेच आणावे लागेल, आणि ‘विकार’ हाच शब्द आगरकरांनी हॅम्लेटच्या कथेसाठी निवडला होता, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

मराठीत ‘विकार’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. क्रोध, शोक, प्रेम हे मनाचे विकार होत. आणि शरीराचा वा मनाचा आजार हाही विकारच. ‘विलसित’ म्हणजे खेळ, लीला, प्रकटीकरण. आगरकरांच्या शीर्षकात पहिला अर्थ प्रधान असणार हे उघड आहे : मनोविकारांच्या खेळाचे नाटक. म्हणजे मराठीत हॅम्लेट आला तो निर्णय न घेऊ शकणारा माणूस म्हणून नव्हे, तर विकारांनी झोडपला गेलेला माणूस म्हणून. युरोपात त्याआधीच गटेने, नाजूक कुंडीत ओकचे झाड लावावे आणि मुळांनी कुंडी फुटावी, अशा प्रतिमेतून हॅम्लेटचे स्पष्टीकरण केले होते. कोलरिजने त्याला विचारांच्या अतिरेकामुळे कृतीपासून तुटलेला माणूस ठरविले होते, आणि या स्वभावाचा अंश आपल्यातही आहे असे तो मानीत असे. पुढे रिबोने संकल्पाच्या दौर्बल्याचे उदाहरण म्हणून ज्यांचा विचार केला त्यांत हाच कोलरिज आहे. हॅम्लेटचा भाष्यकारच अशा रीतीने वैद्यकीय टिपणातील उदाहरण झाला. १९०४ साली ब्रॅडलीने या अतिविचाराच्या उपपत्तीला विरोध करून हॅम्लेटच्या विषण्णतेवर, जवळजवळ आजारावर, भर दिला. तेथवरचा प्रवास लक्षात घेतला तर आगरकरांच्या शीर्षकातील ‘विकार’ हा शब्द त्यांनी योजिलेल्या अर्थापेक्षा अधिक काही सांगू लागतो. भाव आणि व्याधी यांच्या सीमेवर मराठी हॅम्लेट पहिल्यापासूनच उभा आहे.

रंगभूमीवर मात्र या द्व्यर्थातील एकच बाजू ठळक झाली. शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी यांनी हॅम्लेटची भूमिका गाजविली ती तिच्यातील विकारांच्या आवेगासाठी. प्रेक्षकांना कंप पावणारा, संतापणारा, शोक करणारा नायक दिसला. थांबलेला नायक त्या आवेगाखाली झाकला गेला. नाना जोग यांच्या भाषांतराच्या आधारे २०१८ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘हॅम्लेट’ पुन्हा व्यावसायिक रंगभूमीवर आणले. सव्वाशेहून अधिक वर्षांचा हा प्रवास स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, मराठी मनाने हॅम्लेटला स्वीकारले ते भावनाप्रधान नायक म्हणून. निर्णयशून्यतेचा प्रश्न त्याने दुसऱ्या वाटेने हाताळला.

४

ती दुसरी वाट टिळकांची. आगरकर आणि टिळक यांचा जन्म एकाच वर्षीचा, १८५६ सालचा. टिळक तर रत्नागिरीचेच. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. आगरकरांच्या ‘हॅम्लेट’ भाषांतराचा संबंध याच तुरुंगवासाशी जोडला जातो. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी गीतेवरील आपला ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यातील ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात, कर्तव्याकर्तव्याच्या संभ्रमात सापडलेल्या माणसांची उदाहरणे देताना, त्यांनी शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ आणि ‘कोरायोलेनस’ यांचा उल्लेख केला. एका तुरुंगातून हॅम्लेट मराठीत आला, आणि दुसऱ्या तुरुंगात तो अर्जुनाच्या शेजारी उभा राहिला. आपल्या वाङ्मयेतिहासात या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या गेलेल्या नाहीत. त्या तशा पाहिल्या पाहिजेत.

टिळकांची मांडणी अर्थातच निर्णयाच्या बाजूची आहे. संभ्रम ही कर्मजिज्ञासेची सुरुवात होय, तिचा शेवट नव्हे. मात्र या मांडणीत अर्जुनाच्या थांबण्याचे स्वतःचे मूल्य थोडे झाकोळले जाते. ते पाहावयाचे तर ज्ञानेश्वरीकडे (१२९०) वळावे लागते. पहिल्या अध्यायात अर्जुनाची अवस्था सांगताना ज्ञानेश्वर भ्रमराचा दृष्टान्त योजतात : वाटेल तसले कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो आणि प्राण गेला तरी ती पाकळी चिरीत नाही. या दृष्टान्ताने संकल्पलोपाची सर्व नैतिक चर्चा उलटी होते. भुंग्याची शक्ती कमी झालेली नाही. लाकूड भेदणारा दात तोच आहे. कठीण वस्तू भेदता येते, पण कोवळी वस्तू भेदता येत नाही. अर्जुनाचा विषाद दौर्बल्यातून आलेला नाही, तो स्नेहातून आलेला आहे. ज्ञानेश्वर त्याला मोह म्हणतात आणि त्यातून त्याला बाहेर काढावयाचेही आहे. परंतु त्या मोहाला हीन ठरविण्याची घाई ते करीत नाहीत.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. थांबणे वेगळे आणि लांबविणे वेगळे. थांबणारा माणूस कृतीच्या परिणामांकडे पाहून थांबतो, आणि थांबल्याबद्दल जे काही भोगावयाचे ते स्वतः भोगण्याची त्याची तयारी असते. अर्जुन निःशस्त्र स्थितीत मारले जाण्याची तयारी दाखवितो. लांबविणारा माणूस परिणामांकडे पाहत नाही. तो काळावर हवाला ठेवतो, आणि मधल्या काळात जे घडते त्याची किंमत दुसरे कोणी तरी देत राहते. हॅम्लेटमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत. पित्याच्या पिशाच्चाच्या शब्दावर लगेच हत्या न करणे हे थांबणे आहे आणि ते विवेकाचे आहे. त्यानंतरच्या दिरंगाईत पोलोनियस आणि ऑफेलिया यांचे बळी जातात, ते लांबविणे आहे. या भेदाची कसोटी आपण पुढील कृतींना लावून पाहू.

५

प्रथम एक नकारात्मक उदाहरण घेऊ. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’मधील (१९१९) सुधाकर हा मराठीतील इच्छाशक्तीच्या नाशाचा आदर्श नमुना समजला जातो. परंतु संहिता बारकाईने पाहिली तर सुधाकराजवळ निश्चयाची उणीव कोठेच नाही. तो मानी आहे, हट्टी आहे. दारू सोडण्याचा निश्चय तो करतो आणि पाळूही लागतो. जगाकडून अवहेलना झाली की तितक्याच निश्चयाने तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्याची शोकांतिका संकल्पाच्या लोपाची नसून अहंकाराने ग्रासलेल्या संकल्पाची आहे. व्यसनाला ‘मनाचा कमकुवतपणा’ म्हणून मोकळे होण्याची आपली सवय गडकऱ्यांच्या या पात्राने खोटी ठरविली आहे. मात्र किंमत कोण देते, या प्रश्नाचे उत्तर येथेही सिंधू हेच आहे. सुधाकर वकील आहे, ही गोष्टही ध्यानात ठेवू; बुद्धी आणि निर्णय यांचाच ज्याचा व्यवसाय, तोच नायक मराठी नाटकाने या प्रश्नासाठी निवडला आहे.

याच निवडीची पुढची पायरी म्हणजे जयवंत दळवी यांचे ‘बॅरिस्टर’ (१९७७). ‘अंधाराच्या पारंब्या’ या त्यांच्याच कादंबरीवरून आलेले आणि विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेले हे नाटक संकल्पलोपाच्या संदर्भात मराठीतील सर्वांत महत्त्वाची कृती आहे, असे मला वाटते. विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर विचारांनी सुधारक आहे. विधवेच्या केशवपनाची रूढी त्याला अमानुष वाटते. बिऱ्हाडकरू राधाक्का विधवा होते तेव्हा तो तिच्या बाजूने उभा राहतो, तिला प्रतिकाराचे शब्द देतो. पण त्या शब्दांवर विश्वास ठेवून राधाक्का जेव्हा त्याच्याकडे येते, तेव्हा त्याचे पाऊल पुढे पडत नाही. घराण्यातील वेडाची परंपरा, तिची भीती, वाड्यातील काळोख, मावशीच्या रूपाने घरातच वावरणारा वैधव्याचा इतिहास, अशी अनेक कारणे नाटक पुरविते. आणि त्यांतील एकही पुरेसे ठरू देत नाही. दळवींचे यश येथे आहे.

आपण वर केलेल्या विभागणीत बॅरिस्टर दुसऱ्या प्रकारात बसतो. त्याचा निर्णय झालेला आहे. काय योग्य हे त्याला पूर्ण ठाऊक आहे. व्यवसायात्मक बुद्धी शाबूत आहे, राधाक्काविषयीची ओढही शाबूत आहे. दोहोंना जोडणारा सांधा निखळला आहे. आगरकरांच्या संदर्भात पाहिले असता या नाटकाला एक वेगळीच खोली प्राप्त होते. आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणला आणि केशवपनाविरुद्ध लिहिलेही. दळवींनी एका शतकानंतर जणू या दोन गोष्टी एका पात्रात एकत्र केल्या : आगरकरांचे विचार आणि हॅम्लेटचे पाय. सुधारणेचा विचार वारशाने मिळालेल्या, पण त्या विचाराची किंमत मोजण्याची सवय न लागलेल्या पिढीचे हे चित्र आहे. बॅरिस्टर केवळ लांबवितो असे नाही. तो आधी बोलतो आणि मग लांबवितो. त्याच्या बोलण्यामुळे राधाक्का रूढीच्या आश्रयातून बाहेर आलेली असते. तो गप्प राहिला असता तर ती जितकी एकटी पडली असती त्याहून अधिक एकटी ती त्याच्या बोलण्यामुळे पडते. निष्क्रियतेची ही सर्वांत निष्ठुर परी आहे, आणि ‘संवेदनशील मनाची शोकांतिका’ असे तिचे वर्णन करून आपण राधाक्काला दुसऱ्यांदा एकटे पाडतो.

६

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराचा विचार याच कसोटीने केला तर वेगळे चित्र दिसते. पुण्यात शिकावयास गेलेला, कशातच न रमलेला, शेवटी सांगवीला परतलेला हा तरुण तिसऱ्या प्रकाराच्या, म्हणजे हवेपणाच्याच लोपाच्या, सर्वांत जवळ जातो. ही अवस्था कादंबरी विधानांतून सांगत नाही, भाषेतून घडविते. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द तिच्यात ज्या रीतीने येतात त्याकडे अनेकांनी शैलीचा विशेष म्हणून पाहिले. वस्तुतः हे निर्णयाचे व्याकरण आहे. ‘उदाहरणार्थ’ म्हटले की पुढची गोष्ट अनेकांपैकी एक होते, तिला अनिवार्यता राहत नाही. ‘वगैरे’ म्हटले की वाक्य संपण्याआधीच त्यातील जबाबदारी विरघळते. विधान करावयाचे आणि त्याच्यापाठी उभे राहावयाचे नाही, ही संकल्पलोपाची भाषिक खूण होय.

परंतु ‘कोसला’चे मोठेपण असे की, या व्याकरणाला ती स्वतःच एके ठिकाणी मोडू देते. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, देवीच्या रोगाने झालेल्या मृत्यूचा भाग या भाषेत मावत नाही. तेथे ‘उदाहरणार्थ’ला जागा नाही, कारण मेलेली मनी कशाचेही उदाहरण नाही. आपल्या निरर्थकतेच्या खेळात आपण कोठे होतो, हा हिशेब पांडुरंगाला तेथे द्यावा लागतो आणि तो देतोही. म्हणूनच केवळ अस्तित्ववादी निष्क्रियतेचे उदाहरण म्हणून ‘कोसला’ वाचणे अपुरे आहे. तिच्यात किंमत देणारी व्यक्ती निवेदनाच्या बाहेर राहत नाही; ती निवेदनाच्या मध्यभागी येऊन ते फोडते.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) प्रश्न व्यक्तीकडून कुटुंबाकडे सरकतो. विदर्भातील देशपांड्यांच्या वाड्यात कोणी एक निष्क्रिय नाही; वाडाच निष्क्रिय आहे. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर हे त्याचे दृश्य रूप. तो कामास येत नाही आणि तेथून हलतही नाही. येथेही शिकण्याची इच्छा मनातच मारावी लागलेली प्रभा आपल्या कसोटीला उत्तर देते. एलकुंचवारांनी पुरुषांची दिरंगाई आणि स्त्रियांची झीज ही एकाच वास्तूत, एकाच वेळी, प्रेक्षकाच्या दृष्टीसमोर ठेवली. त्यामुळे तेथे निष्क्रियतेला काव्यात्म होण्यास वावच राहत नाही.

७

आतापर्यंत आपण संकल्प व्यक्तीच्या ठिकाणी असतो, हे गृहीत धरले. पण ज्या समाजात मोठे निर्णय व्यक्तीने एकटीने घ्यावयाचेच नसतात, तेथे ‘लोप’ या शब्दाला काय अर्थ राहतो? लांज्यासारख्या ठिकाणी राहून साहित्य शिकविताना हा प्रश्न टाळता येत नाही. दक्षिण कोकणात ग्रामदेवतेला कौल लावण्याची पद्धत आहे. गुरव मूर्तीला कळ्या वा पाने लावतो, गाऱ्हाणे घातले जाते, आणि कोणत्या बाजूची कळी पडते यावरून उजवा की डावा कौल ते ठरते. लग्न, घर, पेरणी, तंटा अशा कोणत्याही बाबतीत अडलेला माणूस देवाकडे जातो. याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र हे ध्यानात घेतले पाहिजे की, ही निर्णयाची एक संस्था आहे. निर्णयाचा भार एका मनावरून उचलून तो देव, गुरव आणि जमलेली मंडळी यांच्यात ती वाटून देते. ‘कौल’ हा शब्द मूळ अरबी, वचन वा करार या अर्थाचा. पुढे तो देवाच्या उत्तराला लागला आणि आज निवडणुकीच्या निकालालाही आपण ‘जनतेचा कौल’ म्हणतो. निर्णय आपल्या बाहेरून यावा, ही अपेक्षा या शब्दाच्या सर्व स्थित्यंतरांत टिकून आहे.

चिं. त्र्यं. खानोलकर यांची ‘कोंडुरा’ (१९६६) ही या संस्थेच्या विघटनाची कादंबरी आहे, असे मला सुचवावयाचे आहे. नियतिवाद, गूढता, पापपुण्याचे भय या सूत्रांनी तिचा विचार पुष्कळ झाला आहे. परंतु कोंडुऱ्याचा साक्षात्कार तात्याला एकट्याला होतो, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कौल हा चार माणसांच्या साक्षीने लागतो. त्याला शंका विचारता येते, तो पुन्हा लावता येतो. तात्याला मिळालेल्या वराला साक्षीदार नाही. निर्णय बाहेरून आला, पण तो तपासून पाहणारी मंडळी नाहीशी झाली. यानंतर जे घडते ते आपण करतो आहोत की आपल्याकडून करविले जाते आहे, हा भेद त्याच्या मनातून पुसला जातो. हा संकल्पाचा लोप नव्हे, संकल्पाचे हस्तांतर आहे. आणि ज्याच्याकडे तो हस्तांतरित झाला त्याला जाब विचारण्याची सोय नाही. याचीही झळ प्रथम लागते ती त्याच्या पत्नीला. व्रत त्याचे, आणि त्याचे शरीरावरील परिणाम तिचे, अशी ही वाटणी आहे.

लांजा तालुक्यात, विशाळगडाच्या बाजूला, माचाळ हे डोंगरावरचे गाव आहे. मुचकुंदी नदीचा उगम तेथे होतो आणि मुचकुंदाची म्हणून एक गुहाही तेथे दाखविली जाते. भागवतातील कथेप्रमाणे देवांच्या बाजूने दीर्घकाळ लढून थकलेल्या मुचकुंद राजाने वर मागितला तो झोपेचा. जो झोपमोड करील तो भस्म व्हावा, अशी त्या वराची पुरवणी होती. कृष्णाचा पाठलाग करीत आलेला कालयवन त्याला लाथ मारतो आणि जळून जातो. कृतीपासून निवृत्तीची ही कथा आपल्या प्रश्नाला एक प्रतितुला पुरविते. मुचकुंदाची झोप कृतीनंतरची आहे, कमावलेली आहे. आधुनिक नायकाची झोप कृतीपूर्वीची आहे. गोंचारोव्हच्या ‘ओब्लोमोव्ह’चा (१८५९) नायक कादंबरीच्या पहिल्या भागात अंथरुणातून उठण्यासच किती वेळ घेतो, हे प्रसिद्ध आहे, आणि त्याच वर्षी डोब्रोल्यूबोव्हने दाखवून दिले की ती झोप भूदासांच्या श्रमांवर उभी आहे. झोप कोणाच्या खर्चाने चालली आहे, हे विचारणारी ती समीक्षा होती. आपल्याकडे ‘कोसला’नंतरच्या निष्क्रिय नायकांना असा प्रश्न विचारणारा लेख शोधावा लागतो.

कोकणातील आजच्या वास्तवातही हा प्रश्न साहित्यबाह्य नाही. सातबाऱ्यावर अनेक नावे असलेली सामाईक जमीन, वर्षातून गणपतीला नि शिमग्याला उघडणारी घरे, विकावयाचे नाही आणि कसावयाचेही नाही असे चाललेले वर्षानुवर्षांचे व्यवहार, हे सर्व लांज्याच्या विद्यार्थ्याच्या परिचयाचे आहे. त्याला ‘बॅरिस्टर’मधील वाडा समजावून सांगावा लागत नाही. पण बंद घराच्या मागच्या पडवीत राहून दिवाबत्ती करणारी म्हातारीही त्याला ठाऊक असते. परात्मतेची परिभाषा त्याच्या हाती देताना ती म्हातारी त्याच्या दृष्टीआड होणार नाही, हे पाहणे शिकविणाऱ्याचे काम आहे.

८

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. निर्णयाचा असा पुरस्कार केल्याने साहित्यविचार पुन्हा नैतिक उपदेशाकडे वळणार नाही काय? आणि संकल्पशक्तीच्या गौरवातून विसाव्या शतकाने जे भयंकर राजकारण पाहिले, त्याचा विसर कसा पडू द्यावा? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच येथे निर्णयाचे गुणगान केलेले नाही. निश्चयी सुधाकर अनिश्चयी बॅरिस्टरहून अधिक बरा ठरत नाही, आणि अर्जुनाचे थांबणे अनेकांच्या धडाडीपेक्षा मोलाचे आहे. कळीची पाकळी न चिरणाऱ्या भुंग्याला आळशी म्हणणारी समीक्षा जितकी आंधळी, तितकीच बॅरिस्टरच्या लांबणीला भुंग्याचे कोवळेपण बहाल करणारी समीक्षाही आंधळी.

तेव्हा संकल्पलोपाच्या प्रत्येक चित्रणाबाबत तीन प्रश्न विचारावेत असे वाटते. न झालेली गोष्ट नेमकी कोठे अडली : निर्णयात, कृतीत, की हवेपणातच? निर्णय खरोखर लोपला आहे, की दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन केला गेला आहे? आणि मधल्या काळाची किंमत कोणी दिली, व ते देणे कृतीच्या रचनेत दिसते की तिच्या कडेला ढकलले जाते? यांतील पहिले दोन प्रश्न मानसशास्त्राने आणि तत्त्वज्ञानाने विचारलेले आहेत. तिसरा साहित्याचा खास प्रश्न आहे, कारण एकाच वेळी अनेक माणसांच्या आयुष्यात शिरण्याची मुभा साहित्यालाच आहे. ‘कोसला’त मनी निवेदन फोडून आत येते, ‘वाडा चिरेबंदी’त प्रभा त्याच छताखाली झिजते, ‘बॅरिस्टर’मध्ये राधाक्का उंबऱ्यापर्यंत चालत येते. लेखकांनी या व्यक्तींना संहितेत जागा दिलेली आहे. समीक्षेने अजून ती पुरेशी दिलेली नाही.